काटा हिरव्या पट्ट्यातच होता

आमच्या वसाहतीत साखळीकाकांचा विषय निघाला की लोक आधी मॅनेजरसाहेबांच्या सायकलची गोष्ट सांगत. साहेब नवीन आले होते. एके सकाळी त्यांनी आपली सायकल गॅसच्या शेडच्या भिंतीला टेकवली आणि ते कचेरीत गेले. तासाभराने परत येऊन पाहतात तर सायकल सिलिंडरांच्या रांगेत उभी, पोटाभोवती साखळी, साखळीला कुलूप आणि दांडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी : ‘रिकामी’. साहेब तापले. काकांनी शांतपणे कुलूप काढले आणि सांगितले की या शेडमध्ये जे उभे राहील ते बांधले जाईल, कारण उभी वस्तू कधीतरी पडते. सायकल पडली तर फार तर घंटी मोडेल. सिलिंडर पडला आणि त्याची मान मोडली, तर तो समोरची भिंत फोडून निघून जाईल आणि वाटेत कोण उभे आहे हे बघणार नाही. साहेबांनी पुन्हा तिथे सायकल लावली नाही.

साखळीकाकांना मी भाऊजी म्हणत असे. ते शेजारच्या घरात राहत. मधली भिंत एकच होती. त्यांच्याकडे भांडे पडले की आमच्याकडे ऐकू येई. माझे यजमान त्याच रंगाच्या कारखान्यात फोरमन होते आणि भाऊजी गॅसचे स्टोअर सांभाळत. दोघे बरोबर निघत, बरोबर परतत, आणि संध्याकाळचा चहा आमच्या व्हरांड्यात होई. भाऊजींच्या पत्नीला सगळे ताई म्हणत. तिची जीभ तिखट होती. आपला नवरा घरातल्या बायकोपेक्षा शेडमधल्या सिलिंडरांची जास्त चौकशी करतो, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगे.

शेड मी दोन-तीनदा पाहिली होती. वर पत्रा, तीन बाजूंना लोखंडी जाळी, म्हणजे काही गळले तरी वारा ते घेऊन जाईल. डावीकडे भरलेले, उजवीकडे रिकामे, मध्ये चालायला वाट. प्रत्येकाच्या डोक्यावर लोखंडी टोपी, गळ्यात तारीख लिहिलेली चिठ्ठी. जो आधी आला तो आधी बाहेर जाणार. मागचा पुढे गेलेला त्यांना चालत नसे. ऑक्सिजनच्या कोपऱ्यात तेलकट हाताने कुणी यायचे नाही. तेल आणि ऑक्सिजन यांची गाठ पडली की काडी लावावी लागत नाही, असे ते म्हणत. एकदा ह्यांना त्यांनी डबा खाऊन आल्याबद्दल दारातून परत पाठवले होते. हे साबणाने हात धुऊन आले, तर म्हणाले, मिशाही धुवा.

रिकामा सिलिंडरही ते पूर्ण रिकामा होऊ देत नसत. थोडा गॅस आत राखून व्हॉल्व्ह बंद करायचा. नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरते आणि लोखंड आतून खाऊ लागते. ते आतून गंजलेले दिसत नाही, म्हणून लाकडी हातोडीने हळूच टकटक करायचे. चांगला सिलिंडर घंटेसारखा वाजतो. आजारी असेल तर आवाज बसतो. सिलिंडरच्या खांद्यावर शेवटच्या तपासणीची तारीख ठोकलेली असते, ती ते मला बोटाने चाचपून वाचून दाखवत.

“गॅस नासत नाही, वहिनी,” ते सांगत. “नासतं ते भांडं.”

त्यांचे हे वाक्य बहुतेक सगळ्या गॅसच्या बाबतीत खरे होते. मी मुद्दाम बहुतेक म्हणते.

कारखान्यात श्वासाचे सहा संच आले, त्या वर्षापासून ही गोष्ट सुरू होते. टाकीत विषारी वाफ साठली असेल तर माणसाने पाठीवर हवेचा पोलादी सिलिंडर बांधायचा, तोंडावर मास्क लावायचा आणि उतरायचे. हे सहा सिलिंडर शेडमध्ये नव्हते. कचेरीच्या बोळात काचेच्या कपाटात होते, पिवळे, एक ते सहा नंबर घातलेले. त्यांच्याबरोबर इंग्रजी पुस्तिका आली. भाऊजींना इंग्रजी येत नव्हते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून ते पुस्तिका आणि एक कोरी वही घेऊन माझ्याकडे आले. नऊ दुपारी बसून मी त्यांना सगळी पुस्तिका मराठीत सांगितली आणि त्यांनी ती आपल्या ठसठशीत अक्षरात उतरवून घेतली. ऊन लागू देऊ नये. सरळ उभे ठेवावे. काट्यावर एकशे पन्नास म्हणजे भरलेला. हिरव्या पट्ट्यात, म्हणजे एकशे वीसच्या वर, असेल तर वापरावा. दर आठवड्याला काटा पाहावा. पाच वर्षांनी तपासणीला पाठवावा.

एका वाक्यापाशी त्यांनी पेन थांबवले. साठवलेली हवा दर वर्षी सोडून द्यावी आणि ताजी भरावी, असे ते वाक्य होते. का, ते पुस्तिकेत लिहिलेले नव्हते. भाऊजींनी वाक्य उतरवले, पण त्यांना ते पटले नाही. हवा काय दूध आहे का नासायला? उलट प्रत्येक वेळी भरताना कॉम्प्रेसरमधून थोडी ओल आत जाते, तेव्हा जितके कमी भरावे तितके भांड्याला चांगले. त्यांच्या सगळ्या अनुभवाला धरूनच ते बोलत होते. मी मान डोलावली आणि पुढचे वाक्य वाचले.

चार सिलिंडर बाहेरून भरून आले होते. दोन आणि पाच नंबर कवायतीत वापरून संपले, म्हणून ते आमच्याच कॉम्प्रेसरवर भरावे लागले. त्या आठवड्यात पाऊस थांबला नव्हता. कॉम्प्रेसरच्या फिल्टरमध्ये ओल शोषणारी निळी पूड असते, ती गुलाबी पडली होती, म्हणजे तिच्यात आणखी ओल मावत नव्हती. नवी पूड चार दिवसांनी येणार होती आणि सरकारी पाहणी दुसऱ्या दिवशी. कपाटात सहाच्या सहा भरलेले दिसायला हवे होते. भाऊजींनी नळीतून पाणी झटकले, पुसले, आणि दोन्ही सिलिंडर भरले. रजिस्टरमध्ये लिहिले : ‘पूड गुलाबी, तरी भरले.’ खोटे लिहिणे त्यांना जमतच नसे.

चार वर्षे गेली. दर सोमवारी सकाळी ते कपाट उघडत, सहा काटे पाहत, सहा आकडे लिहीत. हवा कधी बदलली नाही. मग एका संध्याकाळी चहाचा कप हातात फिरवत त्यांनी मला विचारले, “वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. न गळता कमी होतं ते काय?”

“माझे केस नव्हेत,” हे म्हणाले. “ते गळूनच गेले.”

ताई आपल्या दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “ह्यांची अक्कल. रोज थोडी कमी, आणि कुठून जाते ते दिसत नाही.”

आम्ही पोटभर हसलो. भाऊजीही हसले, पण कोडे त्यांनी सोडले नाही. चार सिलिंडरांचे काटे जागचे हलले नव्हते. दोन नंबर आणि पाच नंबर मात्र महिन्याला अर्ध्या रेघेने, कधी त्याहून कमी, असे उतरत होते. त्यांनी व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावून पाहिला, सिलिंडर पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. गळत नाही, तरी कमी होते. ह्यांनी विचारले, आता किती आहे? एकशे तीस, भाऊजी म्हणाले. “म्हणजे हिरव्या पट्ट्यात आहे ना? मग झोपा निवांत. आठ महिन्यांनी तपासणीला जाणारच आहेत.” मला ते कोडे आवडले म्हणून त्या दिवसाच्या पानावर मी ते लिहून ठेवले, ताईच्या उत्तरासकट.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, रंगाची भांडी धुण्याच्या, वाफ साठलेल्या टाकीत पडलेला ब्रश काढायला एक सफाई कामगार न विचारता शिडीने उतरला आणि तळाशी आडवा झाला. ह्यांनी श्वासाचा संच मागवला. भाऊजी स्वतः धावत जाऊन कपाटातला हाताला लागेल तो घेऊन आले. तो पाच नंबर होता. त्यांनीच तो ह्यांच्या पाठीवर चढवला, पट्टे आवळले, काटा मोठ्याने वाचला. एकशे अठ्ठावीस. ह्यांनी नियमाप्रमाणे आकडा परत म्हटला. टाकीच्या तोंडाशी दोन श्वास घेऊन हात वर केला आणि ते उतरले. शिडीला नऊ पायऱ्या होत्या. खाली पोचल्यावर ते कामगाराकडे वाकले आणि मग दमलेला माणूस बसतो तसे तळाशी बसले. पुन्हा उठले नाहीत. दोरी ओढून त्यांना वर काढले. मग एक नंबरचा संच लावून एक फिटर उतरला, कामगाराला घेऊन आला, आणि फिटरला काही झाले नाही. कामगार गेला होता. हेही गेले होते. हे मला सगळे नंतर कळले. त्या दिवशी माझ्यापर्यंत फक्त एवढे आले की भाऊजी दारात उभे आहेत, एकटेच.

चौकशीला तिघे आले. त्यांनी पाच नंबरचा व्हॉल्व्ह उघडला, हवेचा वास घेतला, जोर बरोबर आहे का ते पाहता पाहता ती सगळी सोडून दिली. वास नाही, काटा हिरव्यात, मास्क फाटलेला नाही. त्याच कपाटातला दुसरा संच लावून फिटर सुखरूप परत आला होता. मग दोष कुणाचा? कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहिले की मयताचे वय चोपन्न, अंग स्थूल, हृदय बंद पडले. हृदयाचा आजार त्याने नोकरीवर लपवला असावा. एवढ्या एका वाक्याने सगळे मिटले. कामगाराची बायको मला फाटकापाशी भेटली. ती ओरडली नाही. म्हणाली, “तुमच्या माणसाला झेपत नव्हतं तर दुसऱ्याला उतरू द्यायचं होतं. माझा माणूस वर आला असता.” आदल्या रविवारीच हे पाण्याच्या टाकीवर शिडी लावून चढले होते आणि वरून मला हाका मारत होते. पण ते कुणाला सांगणार?

भाऊजी त्या दिवसांत आमच्या व्हरांड्यात येत नसत. भिंतीपलीकडून पाने उलटल्याचा आवाज मात्र येई. पाच आठवड्यांनी एका दुपारी ते चार वर्षांची रजिस्टरे काखेत मारून आले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर पसरून बसले. सहा ओळी, दोनशेहून जास्त सोमवार. दोन आणि पाच, दोघेही एकाच चालीने खाली आलेले, आणि दोघेही एकाच दिवशी भरलेले. त्यांनी मला ‘पूड गुलाबी’ ही ओळ दाखवली.

“पाणी आत गेलं, हे मला कळतंय,” ते म्हणाले. “पण पाण्याने हवा कमी कशी होईल, ते कळत नाही. जाते कुठे?”

मी त्या ओळीकडे पाहत होते आणि मला आमच्या शाळेतली प्रयोगाची खोली आठवली. सिस्टरने काचेच्या नळीत ओला लोखंडाचा कीस चिकटवला होता आणि नळी पाण्याच्या ताटलीत उपडी ठेवली होती. आठवड्याने कीस तांबडा झाला आणि पाणी नळीत चढले, बरोबर पाचवा हिस्सा. गंजताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकते. उरलेल्या हवेत सिस्टरने पेटती काडी धरली, ती विझली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्या कोड्याचे उत्तर मला बाराव्या वर्षापासून येत होते. व्हरांड्यात चहा पिताना ते मला आठवले नाही, कारण मी हसत होते.

मी भाऊजींना हे सांगितले. त्यांनी रजिस्टरे मिटून काखेत मारली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोत्यात गुंडाळून दोन नंबरचा सिलिंडर घेऊन आले. बरोबर रबराची नळी. मी बादलीत पाणी भरले, बरणी पाण्यात बुडवून उपडी धरली, आणि त्यांनी व्हॉल्व्ह अगदी केसभर उघडून नळीतून बरणीत हवा सोडली. मग बरणी सरळ करून मी तारेला बांधलेली पेटती मेणबत्ती आत उतरवली. बरणीच्या काठाखाली जाताच ती विझली. आम्ही आधी साध्या हवेच्या बरणीत धरून पाहिली, तिथे जळली. पुन्हा दोन नंबरच्या हवेत धरली, विझली. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी मी केले.

भाऊजी भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी मला सगळे सरळ सांगितले. काहीही न लपवता सांगणे ही त्यांची सवय होती आणि त्या दुपारी मला ती नकोशी झाली. पाच नंबर चौकशीत रिकामा झाला. म्हणजे पुरावा आता या एकाच भांड्यात आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर काही मिनिटांत तोही संपेल. सोमवारी तो तपासणीला पाठवता येईल, कोरडा करून ताजा भरता येईल. मग त्या कपाटातून कुणी मरणार नाही, आणि कुणाला काही कळणारही नाही. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने होते. ताईला रक्तदाब होता.

“मी हेच ठरवलं होतं, वहिनी. सोडून द्यायची हवा. मग तुमच्याकडे कशाला आणला, ते मलाच कळत नाही.”

मी म्हटले, “ह्यांना छातीचा आजार नव्हता.”

एवढेच म्हटले. त्यांना शिव्या द्याव्यात, असे वाटत होते. त्यांचा हात धरावा, असेही वाटत होते. दोन्ही केले नाही.

ते उठले, घरी गेले आणि शेडमधली एक साखळी घेऊन आले. सिलिंडर त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांना दोन ठिकाणी बांधला. व्हॉल्व्हवर टोपी घट्ट बसवली आणि साखळीचा एक वेढा टोपीवरून असा घेतला की कुलूप काढल्याशिवाय ती फिरू नये. गळ्यात चिठ्ठी अडकवली : ‘दोन नंबर. उघडू नये.’ मग चावी माझ्या हातात दिली.

“मी मागितली तरी देऊ नका,” ते म्हणाले. “उद्या मी मागेन.”

आणि त्यांनी मागितली. सकाळी सात वाजता दार वाजले. भाऊजी दाढी न करता, कालच्याच कपड्यांत उभे होते. रात्रभर भिंतीपलीकडे ताई रडत होती, ते मी ऐकले होते. “वहिनी, चावी,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडावर दार लावले. ते गेले नाहीत. दाराच्या फटीतून मला त्यांच्या चपला दिसत होत्या. मी आत ओट्याशी उभी, मुठीत चावी, आणि खिडकीपाशी तो पिवळा सिलिंडर. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिले होते : चाळीस मिनिटे. मग चपला हलल्या.

दहा वाजता ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांच्याकडे रजिस्टर होते. त्यांनी चावीचा विषय काढला नाही. निरीक्षकांच्या खात्याला पत्र लिहायचे आहे, तुम्ही इंग्रजीत लिहा, म्हणाले. मी लिहिले. पुस्तिकेतले वर्षाचे वाक्य, ते पाळले नाही हे, गुलाबी पूड, काट्याचे आकडे, मेणबत्ती. त्यात त्यांच्या बाजूचे एखादे वाक्य असावे असे मला वाटले, की हा माणूस वीस वर्षे निष्काळजी वागलेला नाही. त्यांनी ते खोडायला लावले. “ते विषयाला धरून नाही,” म्हणाले, आणि खाली सही केली.

चार दिवसांनी दोन माणसे आली. मी कुलूप काढले. प्रयोगशाळेत त्या हवेत ऑक्सिजन निघाला सहा टक्के. माणसाला एकवीस लागतो. सिलिंडर कापला तेव्हा आत कपभर लाल पाणी होते आणि भिंतीवर गंजाचे पापुद्रे. वयस्कर निरीक्षकाने मला बाजूला घेऊन सांगितले की अशा हवेत माणूस घुसमटत नाही. छातीत हवा जाते-येते, काही कमी आहे हे कळतच नाही. गुंगी आल्यासारखे होते आणि मिनिटाभरात शुद्ध जाते. त्याने हे मला बरे वाटावे म्हणून सांगितले. मी त्याचे आभार मानले.

ह्यांच्या कागदावरचे ‘आजार लपवला’ हे शब्द काढले गेले. मी तो नवा कागद घेऊन कामगाराच्या बायकोकडे गेले. तिने तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. “म्हणजे तुमच्या माणसाचा दोष नव्हता,” ती म्हणाली. मग तिने विचारले, चांगली हवा असती तर माझा वाचला असता का? मी हे डॉक्टरांना आधीच विचारले होते. त्यांना सांगता येत नव्हते. मी तिला तसेच सांगितले.

भाऊजींना कामावरून काढले. खटला चालला, सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली. जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांना हुकूम गेला की श्वासाची हवा वर्षात बदलायची आणि ऑक्सिजन मोजून लिहायचा. आणखी दोन ठिकाणी असे सिलिंडर सापडले, असे निरीक्षकाने मला कळवले. मी ते पत्र भाऊजींना दाखवले नाही. खरे सांगायचे तर मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. ते तुरुंगातून सुटून आले तेव्हा वसाहतीतली आमची दोन्ही घरे सुटली होती. त्यांनी बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, मी त्यांच्यापासून तीन गल्ल्या दूर. अकरा महिने मी त्यांच्या दारावरून भाजी आणायला जात होते आणि मान वळवत नव्हते. त्यांनी केलेल्या चुकीचा राग होता, आणि ज्या माणसाने ती कबूल केली त्याच्यावर राग धरता येत नाही याचाही. बाराव्या महिन्यात ताईने मला रस्त्यात अडवले. “भिंत होती तेव्हा बरं होतं,” ती म्हणाली. “निदान ऐकू तरी यायचं.” त्यानंतर मी जाऊ लागले. ह्यांचा विषय आम्ही काढत नसू. ते घड्याळे दुरुस्त करून देत, आणि त्यांच्या खिडकीतल्या कुंड्यासुद्धा तारेने बांधलेल्या असत.

नऊ वर्षे अशी गेली. मग त्यांची फुप्फुसे थकली. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावायला सांगितला. दुसऱ्याच सकाळी ताई माझ्याकडे आली. सिलिंडर आला, आणून देणाऱ्याने मास्क जोडून दिला, पण भाऊजी तो तोंडाला लावू देत नाहीत, म्हणाली. ओठ निळे पडलेत.

मी गेले. सिलिंडर कोपऱ्यात ताईने कपडे वाळत घालायच्या दोरीने कपाटाला बांधला होता. तेवढे तिला इतक्या वर्षांत येऊ लागले होते. भाऊजी उशांना टेकून बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नव्हते. त्यांनी बोटाने खूण केली. मी वाकून सिलिंडरच्या खांद्यावरची तारीख वाचली : तपासणी दोन वर्षांपूर्वीची. चिठ्ठी वाचली : भरला त्याला नऊ दिवस. काटा वाचला. त्यांनी मान हलवली.

“भरताना मी नव्हतो,” ते म्हणाले. मग श्वास घेऊन, “मी असतो तरी काय.”

मी खुर्ची ओढली, मास्क उचलला आणि स्वतःच्या तोंडावर लावला. “वहिनी, नका,” ते म्हणाले. आवाज फारसा निघाला नाही. समोर त्यांनीच दुरुस्त केलेले भिंतीवरचे घड्याळ होते. मी सेकंदाच्या काट्याकडे पाहत श्वास घेत राहिले. एक मिनिट. नऊ पायऱ्या उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि थोडा जास्त. ताई दारात उभी होती.

मिनिट झाल्यावर मी मास्क काढला, पदराने पुसला, आणि म्हटले, “चांगली आहे.”

त्यांनी तो लावू दिला.

त्यानंतर ते तेवीस दिवस होते. रोज सकाळी मी काटा वाचून त्यांना आकडा सांगत असे आणि ते तो परत म्हणत. शेवटचे तीन दिवस ते नुसते ओठ हलवत.

शेवटचा सिलिंडर न्यायला माणूस आला तेव्हा मी व्हॉल्व्ह बंद करून ठेवला होता, आत थोडे राखून. टोपी घट्ट बसवली होती. गळ्यात चिठ्ठी बांधली होती, तारीख आणि ‘रिकामा नाही, थोडा शिल्लक’. त्या माणसाला हसू आले. असे कुणी लिहून देत नाही, म्हणाला. तो सिलिंडर खांद्यावर आडवा टाकणार होता. मी त्याला म्हटले, उभा धर, आणि गाडीत बांध. तो बांधेपर्यंत मी दारात उभी राहिले.